मोत्याच्या खाऊचे गणित

आरंभी एक कोडे सोडवा. भिवंडीच्या मंडईतून आणि वाण्याच्या दुकानातून तुम्ही चार जिन्नस आणले आहेत : गाजर, कांदा, चिंच आणि मनुका. चारही जिन्नस निसर्गातून आलेले, ताजे आणि स्वच्छ. ते आपण रोज खातो. आता सांगा, यांपैकी कोणता जिन्नस घरच्या मोत्याला खाऊ म्हणून द्यावा?

उत्तर एकच आहे : गाजर. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मनुका आणि चिंच यांच्यामुळे त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणजे एखादा पदार्थ ‘नैसर्गिक’ आहे, एवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही. तो कोणासाठी निर्धोक, हे खाणाऱ्याच्या शरीरावर अवलंबून असते.

आपल्या भिवंडीत कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांची वाण नाही. रात्रपाळी संपवून बाहेर पडणारे यंत्रमाग कामगार चहाच्या टपरीवर ग्लुकोज बिस्किटाचा पुडा फोडतात आणि त्यातली दोन बिस्किटे शेपटी हलवत उभ्या असलेल्या कुत्र्यापुढे टाकतात. गोदामांच्या फाटकांवरचे पहारेकरी आपल्या डब्यातला घास काढून ठेवतात. या मायेबद्दल शंकाच नाही. परंतु मायेला माहितीची जोड नसेल, तर ज्याच्यावर माया करायची त्यालाच अपाय होतो. म्हणून आज आपण तीन प्रश्नांची उत्तरे शोधू. कुत्र्याला काय पचते? किती पुरते? आणि काय मारक ठरते?

लांडग्याचा वंशज, पण भाकरी पचवणारा

कुत्रा लांडग्याच्या कुळातला, तेव्हा त्याला मांसाशिवाय दुसरे काही पचत नसावे, असे पुष्कळांना वाटते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना केली. ती २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पिष्टमय पदार्थांचे, म्हणजे स्टार्चचे, साखरेत रूपांतर करणारे अमायलेज नावाचे विकर असते. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती आढळतात. कुत्र्यांत मात्र ४ पासून ३० पर्यंत प्रती सापडल्या! हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर वाढताना ज्या कुत्र्यांना धान्य अधिक चांगले पचत होते ती तगली आणि त्यांचा वंश वाढला. आज मोत्याला भात आणि भाकरी पचते, ती या दीर्घ सहवासामुळे.

पण येथे एक फरक लक्षात घ्या. भाताचा घास तुम्ही तोंडात बराच वेळ चावलात तर तो गोड लागू लागतो, कारण आपल्या लाळेतच अमायलेज असते. कुत्र्याच्या लाळेत ते जवळजवळ नसते. त्याचे अमायलेज स्वादुपिंडातून थेट लहान आतड्यात उतरते. शिवाय कुत्र्याचा जबडा बिजागरीसारखा वर-खालीच हलतो. गाईप्रमाणे किंवा आपल्याप्रमाणे त्याला जबडा आडवा हलवून घास चघळता येत नाही. म्हणून तो घास फाडतो आणि गिळतो. यावरून पहिला नियम निघतो : धान्य व कंदमुळे नीट शिजवून द्यावीत, आणि कोणताही खाऊ घशात अडकणार नाही अशा आकारात कापावा.

नाक आधी, जीभ नंतर

माणसाच्या जिभेवर सुमारे ९,००० रुचिकलिका असतात, तर कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७०० असतात. चवीच्या बाबतीत मोत्या आपल्यापुढे गरीबच म्हणायचा. परंतु वास ओळखणाऱ्या पेशी आपल्या नाकात ५०-६० लाख असतात आणि कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १० ते ३० कोटी! तेव्हा मोत्या पदार्थाची पारख आधी नाकाने करतो.

याचा एक उपयोग आहे. द्रवाचे तापमान वाढले की त्यातले अधिक रेणू पृष्ठभाग सोडून हवेत जातात, हे तुम्ही बाष्पीभवनाच्या धड्यात शिकला आहात. वासाचे रेणूही तसेच वागतात. म्हणून उकडलेले रताळे फ्रिजमधून काढून थंड दिले तर मोत्या तोंड फिरवील. तेच कोमट करून दिले तर धावत येईल. त्यासाठी मीठ, साखर किंवा मसाला घालण्याची काहीच गरज नाही. आपल्या जिभेला अळणी लागणारा पदार्थ त्याच्या नाकाला मेजवानी असू शकतो.

वर्गमूळ दोनदा काढा

आता ‘किती’ या प्रश्नाकडे वळू. १६ किलोच्या कुत्र्याला १ किलोच्या कुत्र्याच्या सोळापट अन्न लागेल का? नाही. लहान प्राण्याचे पृष्ठफळ त्याच्या वस्तुमानाच्या मानाने जास्त असते, त्यामुळे त्याच्या शरीरातील उष्णता लवकर बाहेर जाते. १९३२ साली मॅक्स क्लायबर यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या मोजमापांवरून दाखवले, की विश्रांतीच्या वेळी लागणारी ऊर्जा वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. पशुवैद्य कुत्र्यासाठी आजही हेच सूत्र वापरतात :

विश्रांतीची दैनिक ऊर्जा (किलोकॅलरी) = ७० × (किलोग्रॅममधील वजनाचा ३/४ घात)

पाऊण घात म्हटल्यावर घाबरू नका. वजनाचा घन करा आणि त्याचे वर्गमूळ दोनदा काढा. मोत्याचे वजन १६ किलो धरू. १६ चा घन ४,०९६. त्याचे वर्गमूळ ६४. ६४ चे वर्गमूळ ८. म्हणजे मोत्याला विश्रांतीत ७० × ८ = ५६० किलोकॅलरी लागतात. १ किलोच्या कुत्र्याला ७० लागतात. वजन सोळापट, पण ऊर्जा आठपटच! (८१ किलोच्या अगडबंब मॅस्टिफ कुत्र्याचे उत्तर तुम्ही काढा.)

घरात राहणाऱ्या आणि बेताची धावपळ करणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला याच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. ५६० × १.६ म्हणजे साधारण ९०० किलोकॅलरी. खाऊचा वाटा यातील दहा टक्क्यांहून अधिक नसावा, असे पशुवैद्य सांगतात. म्हणजे मोत्याच्या खाऊचा रोजचा हिशेब ९० किलोकॅलरींचा झाला. एवढ्यात काय काय बसते ते पाहा :

ग्लुकोज बिस्किटे : सुमारे २० ग्रॅम
सोललेले शेंगदाणे : सुमारे १६ ग्रॅम
शिजलेला भात : सुमारे ७० ग्रॅम
उकडलेले अंडे : एकापेक्षा थोडे अधिक
उकडलेले रताळे : सुमारे १२० ग्रॅम
गाजर : सुमारे २२० ग्रॅम
काकडी : सुमारे ६०० ग्रॅम

हा तक्ता म्हणजे अर्धा किलो काकडी एकदम चारण्याची परवानगी नव्हे. इतका चोथा पोटात गेला तर जुलाब होतील. त्यातून एवढेच समजायचे की काकडीत ९५ टक्के पाणी असते, म्हणून तिचे दहा तुकडे दिले तरी हिशेब बिघडत नाही. बिस्किटाच्या बाबतीत मात्र चार-पाच लहान बिस्किटांतच दिवसाचा सारा वाटा संपतो. पुन्हा बिस्किटात मैदा, साखर आणि तेल हेच मुख्य घटक असतात. पुड्याच्या पाठीवरचा तक्ता वाचा आणि एका बिस्किटाचे वजन काढून स्वतः पडताळा घ्या. चार घरांतून चार-चार बिस्किटे मिळवणारा गल्लीतला कुत्रा का सुटतो, हे तुमचे तुम्हालाच उमगेल.

खाऊ हे बक्षीस असते, जेवण नव्हे. ‘बस’ म्हटल्यावर बसला म्हणून द्यायचा तुकडा नखाएवढा असला तरी पुरतो.

विषांची यादी आणि त्यामागची कारणे

कोणते पदार्थ टाळावेत याची नुसती यादी पाठ केली तर ती विसरते. कारण समजले की विसरत नाही.

कांदा आणि लसूण. यांत गंधकाची काही संयुगे असतात. कुत्र्याच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनवर त्यांचा ऑक्सिडीकरणाचा परिणाम होतो आणि पेशी फुटू लागतात. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर धोका संभवतो. १६ किलोच्या मोत्यासाठी हे प्रमाण ८० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. रोज थोडा थोडा गेला तरी अपाय साचत जातो. शिजवल्याने किंवा तळल्याने हा दोष जात नाही. म्हणून कांदेपोहे, कांदाभजी, रस्सा किंवा बिर्याणीचा उरलेला मसालेभात हे सारे वर्ज्य. लक्षणे लगेच न दिसता काही दिवसांनी दिसतात : हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते आणि कुत्रा मलूल होतो.

येथे आपल्या एका सुंदर प्रथेचा विचार करू. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत, रोडगा, पातीचा कांदा आणि लसूण यांचा नैवेद्य असतो, आणि खंडोबाचा सोबती म्हणून कुत्र्यालाही घास देतात. प्रथा जरूर पाळावी, मात्र कुत्र्यासाठी कोरा रोडगा वेगळा काढावा. कांदा-लसूण घातलेले भरीत आपण खावे.

द्राक्षे, मनुका आणि चिंच. द्राक्षे खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, हे पशुवैद्यांना पुष्कळ वर्षे ठाऊक होते. कारण मात्र सापडत नव्हते. कोडे सुटले ते एका अनपेक्षित वाटेने. मुलांना खेळायला घरी मळलेला कणकेसारखा गोळा खाऊन कुत्र्याला तसाच आजार झाल्याचे अमेरिकेतील पशुवैद्यांना आढळले. त्या गोळ्यात ‘क्रीम ऑफ टार्टर’ घातले होते. हे पोटॅशियम बायटार्ट्रेट होय, म्हणजेच टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षांत टार्टारिक आम्ल असते! मग त्यांनी चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. तेथेही तोच आजार आढळला, कारण चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच आम्लाचा. २०२१ साली हा संबंध त्यांनी जाहीर केला. जात आणि पिकण्याची अवस्था यांनुसार द्राक्षांतील आम्लाचे प्रमाण बदलते. त्यामुळेच एका कुत्र्याने द्राक्षे खाऊन काही झाले नाही आणि दुसरा दगावला, असे घडते. सुरक्षित मात्रा ठरवता येत नसल्याने मुळीच न देणे हाच शहाणपणा. शिऱ्यातल्या मनुका, चिंचेचा कोळ घातलेली आमटी आणि अंगणात पडलेली चिंचेची बोटुके, सर्वांना हाच नियम.

चॉकलेट. यात थिओब्रोमीन असते. तुम्ही किरणोत्सर्गी पदार्थांचा ‘अर्धायुकाल’ शिकला असाल. औषधे आणि विषे यांनाही शरीरात अर्धायुकाल असतो. थिओब्रोमीनची रक्तातील मात्रा निम्मी होण्यास माणसात ६ ते १० तास लागतात, कुत्र्यात सुमारे साडेसतरा तास. म्हणजे ३५ तासांनंतरही मोत्याच्या रक्तात चौथा हिस्सा शिल्लकच! दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम झाले की ओकाऱ्या आणि बेचैनी सुरू होते. ६० मिलिग्रॅमच्या आसपास झटके येऊ शकतात. एक ग्रॅम दुधाच्या चॉकलेटमध्ये साधारण २ मिलिग्रॅम, तर काळ्या कडू चॉकलेटमध्ये ५ किंवा त्याहून अधिक मिलिग्रॅम थिओब्रोमीन असते. ४ किलोच्या पिल्लाला लक्षणे दिसण्यास काळ्या चॉकलेटचे किती ग्रॅम पुरतील? ४ × २० = ८०, आणि ८० ÷ ५ = १६. फक्त १६ ग्रॅम!

झायलिटॉल. ‘साखरविरहित’ च्युइंगगममध्ये हा गोड पदार्थ घालतात. तो पोटात जाताच कुत्र्याच्या स्वादुपिंडातून एकाएकी भरपूर इन्सुलिन बाहेर पडते आणि रक्तातील साखर तास-अर्ध्या तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. माणसात असे होत नाही. म्हणून चघळलेले गम रस्त्यावर थुंकू नका.

यांपैकी काही पोटात गेल्याचे कळले तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचे घरगुती उपाय करू नका. त्याने मिठाची विषबाधा व्हायची. पदार्थाचे वेष्टन बरोबर घेऊन, किती खाल्ले आणि केव्हा खाल्ले ते सांगत, लगेच पशुवैद्याकडे जा.

हाड द्यावे की देऊ नये?

हाडाच्या वजनाचा ढोबळमानाने दोन-तृतीयांश भाग खनिजांचा आणि उरलेला मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. खनिजांमुळे कडकपणा येतो, कोलॅजेनमुळे चिवटपणा. कोंबडीचे स्वच्छ हाड चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. खनिजे विरघळतात आणि हाड रबरासारखे वाकते. याच्या उलट, हाड शिजले किंवा भाजले की कोलॅजेन बिघडते, पाणी निघून जाते आणि हाड ठिसूळ होते. ठिसूळ वस्तू वाकत नाही. ती तुटते आणि तिच्या अणकुचीदार किरच्या होतात. अशी किरच घशात किंवा आतड्यात घुसली तर शस्त्रक्रियेची पाळी येते. तेव्हा रश्श्यातले किंवा तंदूरमधले हाड कुत्र्याला टाकणे ही दया नव्हे. हाड काढलेले, मीठ-मसाला न घातलेले उकडलेले मांस त्याहून कितीतरी बरे.

नुसत्या भाकरीवर का भागत नाही?

अमेरिकेत पूर्वी मुख्यतः मका खाऊन राहणाऱ्या गोरगरिबांना पेलाग्रा हा रोग होत असे आणि तसाच आहार मिळालेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडत असे. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन कुत्र्यांची काळी जीभ बरी केली. त्यावरून माणसांवरचा उपाय सापडला. हेच ते ब गटातील नियासिन जीवनसत्त्व. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीवरच राहणाऱ्या लोकांतील पेलाग्राचा अभ्यास केला. त्यातही कुत्र्यांवरचे प्रयोग होते. हे ज्ञान आपल्याला देण्यासाठी कुत्र्यांनी यातना सोसल्या आहेत, याचे स्मरण ठेवावे. आणि धडाही घ्यावा : भाकरी वाईट नाही, पण ज्वारीची असो की आपल्याकडची तांदळाची, एकटी भाकरी कोणत्याच प्राण्याला पुरत नाही. तिला अंडे, मासळी, मांस किंवा डाळ यांची जोड हवी.

मग खाऊ कोणता?

गाजराचे लहान तुकडे उत्तम. त्यातील कॅरोटीनपासून कुत्र्याचे शरीर अ जीवनसत्त्व बनवू शकते. काकडी, वाफवलेला लाल भोपळा, उकडलेले रताळे, बिया काढलेले कलिंगड, केळ्याची एखादी चकती आणि पूर्ण उकडलेले अंडे हेही चांगले. आंब्याचा गर थोडा चालेल, कोय मात्र घशात अडकते. सुकी मासळी द्यायची असेल तर खारवलेली नको. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, कारण पिल्लूपणीचे लॅक्टेज विकर वाढत्या वयात कमी होते. दह्यात लॅक्टोज कमी असल्याने चमचाभर साधे दही सोसते. फरसाण, वेफर, तळलेले आणि बुरशी आलेले पदार्थ कधीच नकोत.

आता एक प्रयोग करा. १०० ग्रॅम रताळे उकडून पातळ काप करा, स्वच्छ जाळीखाली उन्हात वाळवा आणि रोज वजन करा. कच्च्या रताळ्यात सुमारे ७७ टक्के पाणी असते. त्यामुळे वजन २५-२६ ग्रॅमच्या आसपास येऊन स्थिरावेल. आपल्याकडील दमट हवेत बाष्पीभवन मंद चालते, म्हणून हा उद्योग कोरड्या हवेच्या दिवसांत करावा. पावसाळ्यात केलात तर बुरशीच मिळेल. गंमत पाहा : पाणी गेले, पण ऊर्जा गेली नाही. कच्च्या १०० ग्रॅममध्ये ८६ किलोकॅलरी होत्या, तर वाळलेल्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३३५! दुकानातल्या ‘नैसर्गिक’ वाळवलेल्या खाऊचा हिशेबही असाच मांडायचा.

गल्लीतल्या कुत्र्यांविषयी

घरचा मोत्या आणि रस्त्यावरचा कुत्रा यांच्याशी वागण्यात फरक हवा. अनोळखी कुत्र्याला हाताने भरवू नका. खाणाऱ्या कुत्र्याला किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावू नका. मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय त्यांच्याजवळ जाऊच नका. शाळेच्या फाटकाशी, जिन्यात किंवा वर्दळीच्या वाटेवर खाऊ टाकला की तेथे कुत्र्यांची झुंज लागते आणि चावा एखाद्या लहान मुलाला बसतो. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने व इमारतींची प्रवेशद्वारे टाळून खाऊ घालण्याची जागा ठरवावी असे सांगितले आहे. चावा किंवा ओरखडा झालाच तर घरी लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र प्राण वाचवते.

मित्रांनो, मोत्याला ताटातले काय चांगले आणि काय वाईट हे सांगता येत नाही. तुम्ही द्याल ते तो विश्वासाने गिळतो. म्हणून विचार करण्याचे काम तुमच्याकडे येते. उद्या वहीत त्याचे वजन लिहा, घन करा, वर्गमूळ दोनदा काढा आणि त्याच्या खाऊचा वाटा ठरवा. ती ओळ स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत लिहा : कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चिंच, चॉकलेट आणि शिजलेले हाड वर्ज्य. घरातल्या आजीपासून धाकट्या भावंडापर्यंत सर्वांनी ती वाचली, तर मोत्याचे आयुष्य सुखाचे होईल.